तांबूचा तिवा

तांबू गेली.

गाय होती आमची. ज्याला हसायचं असेल त्याने स्क्रोल करून पुढे जावं, आज माझ्यात भांडायची ताकद नाही.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळपासून तिच्याजवळच बसून होत्या. मिस्टर मुंबईला, घरात आम्ही दोघीच. तांबू धरून तिघी होतो.

दिवाळी होऊन गेली तरी संगमेश्वरात पाऊस थांबायचं नाव नाही. मध्येच ऊन, तेही असं की अंग चिकचिकतं.

गोठा वाळतच नाही. गोचिड्या काढून काढून बोटं दुखायला लागली, दुसऱ्या दिवशी परत तेवढ्याच.

तशात तांबूला ताप आला. खाणं सोडलं. बसली ती बसलीच.

आई म्हणाल्या, "तिवा हाय. तीन दिसांत उठंल."

तिवा म्हणजे गुरांचा तीन दिवसांचा ताप. पावसाळ्यात यायचा, गुरं लंगडायची आणि चौथ्या दिवशी चरायला जायची. नावातच तीन आहेत.

आईंनी आयुष्यभर हेच बघितलं, आणि त्यांचं कधी चुकलंही नाही. डॉक्टरांना फोन करू का विचारलं तर म्हणाल्या, पाऊस आहे ना अजून, मग तिवाच.

पाऊस होता हो. तेच तर.

चौथ्या दिवशी तांबूने मानही उचलली नाही. डॉक्टर आले, हिरड्या बघितल्या. पांढऱ्याफटक.

तिवा नाही, गोचीडताप, म्हणाले. अंगात रक्तच उरलं नव्हतं. पूर्वी हा आजार ठरावीक दिवसांत दिसायचा, आता वर्षभर कधीही बोलावणं येतं म्हणाले. तेपण दमलेले दिसले.

इंजेक्शन दिलं. आज पहाटे ती गेली.

आईंना दोष देऊ नका प्लीज. हवाच खोटं बोलायला लागली तर माणसाने करायचं काय?

दुपारी तांबूला पुरून आलो. शेजारच्या शेवंतीकाकी भेटायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, आमची ढवळीपण कालपासून बसून आहे, तिवा असेल.

आई उठल्या. चहा तसाच ठेवून काकींच्या गोठ्यात गेल्या. ढवळीचा ओठ वर करून बघितला.

मग माझ्याकडे वळल्या.

"डॉक्टरला फोन लाव. तिवा म्हणून आता कोणी बसायचा नाय."

लावला. येतायत.

तांबूबाय, आमच्यात निघणाऱ्याला जा म्हणत नाहीत.

ये.