सामन्याच्या सकाळचा फोन

सामना असेल त्या सकाळी माझा धाकटा भाऊ आईला फोन करायचा. हिंगोलीच्या कॉलेजकडून खो-खो खेळू लागला तेव्हापासूनची ही सवय. बोलण्यासारखं फार नसे. ती विचारायची, "गुडघ्याला तेल लावलं का?" तो म्हणायचा, "लावलं माय." बहुतेक वेळा लावलेलं नसायचं, आणि ते तिलाही माहीत असायचं.

आमच्या हट्टा गावच्या शाळेमागच्या मैदानावर तो खेळ शिकला. धावत येऊन एका हातानं खांब धरायचा आणि असा सूर मारायचा की आपण बाद झालो हे पळणाऱ्याला शिट्टी वाजल्यावरच कळे. आईला यातलं काही कळत नव्हतं. एकदा सामना बघून परतताना ती म्हणाली, "अरे, निम्मा वेळ तर उकिडवाच बसून राहिला तू. घरी न्हाई का बसता येत?"

"माय, खो मिळाल्याबिगर उठता येत न्हाई."

"आन् दिलाच न्हाई कुणी तर?"

"तर बसायचं."

कॉलेजातून तो विद्यापीठाच्या संघात गेला आणि तिथून लीगमध्ये. म्हणजे खेळ हाच धंदा झाला. अनवाणी पायांना बूट आले, मातीच्या जागी मॅट आली. पहिला सगळा हंगाम मात्र राखीव खेळाडूंच्या बाकावर गेला. "बसायलाच एवढ्या दूर नेलं व्हय तुला?" आई फोनवर म्हणायची, आणि तो हसायचा.

दुसऱ्या हंगामात आईला ताप आला. मी कळमनुरीला शिक्षक आहे. दोन दिवसांची रजा काढून हट्ट्याला आलो होतो. तापाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहा मागितला, अर्धा प्याली आणि आडवी झाली. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

माणसं जमू लागली. मामांनी मला बाजूला घेतलं. "धाकट्याचा आज सामना हाय ना? मग आत्ता नको सांगू. पोरगं परमुलखात एकटं हाय. सांगून काय माय उठून बसणार हाय का? खेळ झाल्यावर सांगू."

आमच्याकडे असंच करतात. परीक्षेला बसलेल्या मुलाला, दिवस गेलेल्या लेकीला, दूरच्या माणसाला वाईट बातमी एकदम देत नाहीत. ते मायेपोटीच असतं. पण त्या सकाळी निघाला असता तर तो संध्याकाळपर्यंत पोचला असता, आणि गाव तोवर थांबलं असतं. घरात शिकलेला मी. शेवटचा शब्द माझा होता. माझं अजून ठरलं नव्हतं, तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, मायला दे."

"झोपली आहे," मी म्हणालो.

"आत्तापर्यंत?"

"ताप होता ना. औषधानं लागली झोप."

"झोपू दे मग. उठली की सांग, आज सुरुवातीपासून खेळून राहिलो. बाकावर न्हाई म्हणावं."

दुपारी मी अग्नी दिला. संध्याकाळी गल्लीतली मुलं एका मोबाइलभोवती बसली होती. मला बघून त्यांनी तो लपवला. मी हात पुढे केला. पडद्यावर माझा भाऊ होता. त्यानं सवयीनं जमिनीला हात लावून कपाळाला लावला, मग तळहात पाहिला. मॅटवर माती नसते. त्या दिवशी त्यानं खांबावर तीन गडी बाद केले. तिसऱ्या वेळी उठून कॅमेऱ्याकडे बघत त्यानं गुडघ्यावर दोनदा थाप मारली. समालोचकाला ते काही कळलं नाही. मी मोबाइल परत केला.

सामना संपल्यावर मामांनी त्याला "मायची तब्येत जास्त हाय, ये" असं सांगितलं. तो पोचला तेव्हा आम्ही राख सावडायला निघालो होतो. रडला नाही. नदीवरून परतताना त्यानं विचारलं, "मी फोन केला तवा माय कुठं होती?"

"मधल्या खोलीत."

"आन् तू?"

"तिच्याजवळच."

"बरं," तो म्हणाला. नंतर हा विषय त्यानं कधीच काढला नाही.

पुढं तो चार हंगाम खेळला. नाव झालं, हट्ट्याच्या कमानीवर फलक लागला. सणावाराला फोन करी, माझ्या मुलांसाठी बूट पाठवी. फक्त सामन्याच्या सकाळी फोन येत नसे. मी वेळापत्रक बघून ठेवायचो आणि त्या सकाळी वर्गातही मोबाइल खिशात ठेवायचो.

यंदा उन्हाळ्यात एका विद्यार्थ्यानं सहज विचारलं, "सर, तुमच्या भावानं खेळ सोडला म्हणे?" मी लगेच फोन लावला. सूर मारताना गुडघा फिरला होता. शस्त्रक्रिया होऊन महिना झाला होता. आता खेळणं नाही.

"मला का नाही कळवलं?"

"तुझे दहावीचे पेपर तपासणं चालू होतं ना दादा. म्हणलं, काहून तकलीफ द्यावी? झाल्यावर सांगू."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी विचारलं, "आता दुखतं का?"

"न्हाई," तो म्हणाला. ते खरं नव्हतं, आणि ते मला कळलंय हे त्यालाही माहीत होतं.