हलव्याच्या मुकुटावर पाणी

"आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं.

त्या घरच्या सासूबाईंचा पुढे आलेला हात मागे गेला. "खाली ठेवा. तिथे, पायरीवर."

मी खोका पायरीवर ठेवला. सांगायची लाज वाटते, पण ठेवला.

खोक्यात त्यांच्या आठ महिन्यांच्या नातवाचे हलव्याचे दागिने होते. मुकुट, हार, बाजूबंद, बासरी. त्या दिवशी चार वाजता त्याचं बोरन्हाण होतं. गंगापूर रोडवरचा बंगला, दारात फुलांच्या माळा, आत फोटोग्राफर दिवे लावतोय.

मी वर्षभर रेशमी दोऱ्याच्या बांगड्या, कागदाची कानातली, भेटवस्तूंचे डबे हाताने करून विकते. संक्रांत आली की हलव्याचे दागिने. हलवाही घरीच करते. शेगडीवर परात, परातीत तीळ, त्यावर पाक थेंबाथेंबाने सोडायचा आणि गरम परातीत बोटं फिरवत बसायचं. तेव्हा कुठे दाण्याला काटा येतो. बोटांची सालटं निघतात. त्या मुकुटाला माझे चार दिवस गेले होते.

ऑर्डर त्या घरातल्या सुनेची. तिच्या महिला मंडळाचं दरवर्षी मोठं प्रदर्शन भरतं, तिथे मला स्टॉल देते म्हणाली होती. त्या भरवशावर मी एक छोटा गाळा बघून ठेवला होता. स्टॉल मिळाला की गिऱ्हाईक मिळणार, गिऱ्हाईक मिळालं की दुकान उभं राहणार. माझं सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं होतं.

सासूबाई आतून तांब्या घेऊन आल्या. गंगेचं पाणी. नाशकात आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि त्या गंगेला कुठकुठले नाले मिळतात ते इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"झाकण काढा," त्या मला म्हणाल्या.

तेही मीच काढलं.

त्यांनी तुळशीच्या पानाने पाणी शिंपडलं. एकदा. दोनदा. समाधान होईना, मग हाताने. हलवा म्हणजे साखर. साखरेवर पाणी पडलं की काय होतं, हे जन्मभर स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईला कळू नये? दाण्यांचे काटे बसले. मुकुट एका बाजूने खाली वाकला. शुद्ध झाला आणि वाया गेला.

तेवढ्यात त्यांना आठवलं. "अगं बाई, मागच्या आठवड्यात हिने बाळाला मांडीवर घेतलं होतं!"

घेतलं होतं. मुकुटाचं माप घ्यायला. दोऱ्याने डोकं मोजताना त्याने माझं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. तेव्हा मला चहा मिळाला होता, कपबशीत. तेव्हा आडनाव कुणी विचारलं नव्हतं.

सुनेच्या कडेवरच्या त्या लेकरावर त्यांनी तेच पाणी शिंपडलं. एक थेंब त्याच्या ओठावर पडला. त्याने तो चाटला आणि हसला.

सून म्हणाली, "तुम्ही मनावर घेऊ नका हं. आईंचं जुनं वळण आहे. आम्ही असलं काही मानत नाही."

मानत नाही म्हणे. तांब्या अडवायला मात्र तिचा हात उठला नाही. सासूबाईंची किळस आलीच, पण हिची जास्त आली.

मग ती हळूच म्हणाली, "मुकुट तेवढा नवा करून द्याल ना? इथेच मागच्या पडवीत बसून करा. हलवा आम्ही आणून देतो. फक्त आधी आंघोळ करून घ्या, मागे बाथरूम आहे. तुमचा स्टॉल पक्का समजा."

मी सकाळी आंघोळ करूनच आले होते.

आणि त्या क्षणी मला माझीही किळस आली. कारण हे सगळं मी आधीच करून बसले होते. कार्डावर नुसतं पहिलं नाव छापलं होतं. दागिन्यांचे व्हिडिओ काढताना भिंतीवरचे बाबासाहेब दिसू नयेत म्हणून टेबल फिरवलं होतं. सासूबाईंनी आज शिंपडलं. मी दोन वर्षं रोज थोडं थोडं शिंपडत होते, स्वतःवर.

मी खाली वाकून खोका उचलला.

"अहो, ते आता कोण खाणार?" सासूबाई म्हणाल्या.

"मी."

मुकुटातला एक दाणा तोडून तोंडात टाकला. साखर होती, पण तिला शेवाळाचा वास मारत होता. मी थुंकले. त्यांच्याच पायरीवर.

"आता शिंपडा," म्हणाले आणि फाटकाबाहेर पडले.



संध्याकाळी सुनेचा मेसेज आला. यंदा स्टॉल फुल झालेत, सॉरी. माझ्या आईने ऐकलं आणि डोक्याला हात लावला. ती सायखेड्याची, साधी बाई. म्हणाली, "एवढं लय मोठं गिऱ्हाईक घालवलं. आडनाव कशाला सांगती? गप धंदा करायचा."

"गपच करत होते, आई. गप राहूनच पायरीवर खोका ठेवला."

तिने टेबलाचं एक टोक धरलं, मी दुसरं धरलं. टेबल पुन्हा बाबासाहेबांच्या भिंतीसमोर लावलं.

गाळा मी घेतलाच. चालेल की नाही, ठाऊक नाही. पाटी रंगवून घेतली आहे, पूर्ण नाव, आडनाव सगळ्यात मोठ्या अक्षरात. बाबासाहेबांचा फोटो गल्ल्यामागे, रस्त्यावरून दिसेल असा. आमच्या आडनावाचा विटाळ होणाऱ्यांनी ते लांबूनच वाचावं आणि लांबूनच परत फिरावं.

माझ्या दुकानालाही एक पायरी आहे. तांब्या घेऊन तिच्यावर कुणी पाय ठेवायचा नाही.