बोरस्ते काकांची रेत्सु

बोरस्ते काका नवा शब्द पाठ करत नसत, आधी त्याच्याशी वाद घालत. सातपूरच्या एका कारखान्यात ते फिटर होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कामगारांना मी जपानी शिकवत असे. सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला जपानला एकच जण जाणार होता. आदल्या वर्षीच्या तोंडी परीक्षेत काकांना तोंडच उघडता आलं नव्हतं, आणि वयाच्या अटीमुळे ही त्यांची शेवटची संधी होती.

"जपानला जाणार म्हणून निफाडला भावकीत सांगून बसलोय मॅडम. आता मागं फिरता येत नाय."

एकदा मी फळ्यावर लिहिलं, 'रेत्सु'. म्हणजे रांग, एकामागे एक उभी असलेली माणसं.

"चूक हाय," काका म्हणाले. "आमच्याकडं रॉकेलच्या रांगेत कॅन उभे असतात. कोणाची पिशवी, कोणाची चप्पल. माणसं लिंबाखाली गप्पा मारतात. ती रांग नाय का?"

मी पुस्तकातलाच अर्थ रेटला. मास्तरकीची खुमखुमी, दुसरं काय.

परीक्षेला जपानहून साहेब आले. मला कोपऱ्यात गप्प बसायची ताकीद होती. साहेबांनी स्टेशनवरच्या रांगेचं चित्र दाखवलं.

"रेत्सु," काका म्हणाले.

तुमच्याकडे ती कशी असते, साहेबांनी जपानीत विचारलं. काका उठले. साहेबांचा कप, पेन, स्वतःच्या चष्म्याचं घर त्यांनी टेबलावर ओळीने मांडलं आणि शेवटी पायातला बूट काढून तोही मागे ठेवला. जपानी साहेबापुढे, टेबलावर बूट. मी डोळेच मिटले.

"हितो इनाइ," काकांचा आवाज आला. माणूस नाही. "देमो रेत्सु." तरी रांग.

मधलं कोणी उचललं तर, साहेबांनी विचारलं.

"दारे मो शिमासेन." कोणीच तसं करत नाही.

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून बुटामागे नंबर लावला आणि ते हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर काकांचं नाव लागलं. स्वतःच्या निकालानेही मला कधी एवढा आनंद झाला नव्हता. काकांनी ते नाव दोनदा वाचलं, सुपरवायझरकडून गेटपास घेतला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच अर्धी शिफ्ट टाकून निफाडची एसटी धरली.