आबेदाआपांचा यूपीएस

बायजीपुऱ्यात आबेदाआपांच्या दारात आडवी खुर्ची दिसली, की गल्लीतली माणसं हाक न मारता पुढं जातात. आपा पेपरात बसल्यात, एवढं त्यांना कळतं.

आपा शाळांच्या प्रश्नपत्रिका कंपोज करतात. उर्दू शाळेच्या उर्दूत, मराठी शाळेच्या मराठीत. दुकानात दिलं तर दहा माणसं डोकावणार, म्हणून शाळा त्यांच्याकडं येतात. खुर्ची आडवी असली की चहासुद्धा खुर्चीवर ठेवायचा आणि मागं फिरायचं. घरच्यांनाही हाच नियम. मुलगा अल्तमश याच खुर्चीवर चहाचा कप ठेवत मोठा झाला. पेन ड्राइव्हवर काही घ्यायचं नाही, मेलवर काही पाठवायचं नाही. पेपर त्या एका कॉम्प्युटरमध्ये राहायचा, छापून झाला की सीलबंद पाकिटातून मुख्याध्यापकांच्या हातात जायचा.

या हिवाळ्यात जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. सुनेनं, सुमय्यानं, नवा कॉम्प्युटर आणला. सुमय्या गंगापूरची, मराठी शाळेत शिकलेली, बिडकीनच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगवर कामाला. दिवसभर कनेक्टर जोडते आणि संध्याकाळी बोटांना खोबरेल लावते. नवा डबा काळा, देखणा आणि अजिबात आवाज न करणारा होता. आपांनी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. सुमय्यानं हवा अडते म्हणून तो काढला. दुसऱ्या दिवशी रुमाल परत होता.

मग एप्रिल आला आणि लाईट जायला लागली.

पूर्वी लाईट गेली की टेबलाखालचा बॅटरीचा यूपीएस टीं टीं करायचा. आपा हातातलं वाक्य पुरं करायच्या, सेव्ह करायच्या आणि सावकाश कॉम्प्युटर बंद करून नमाजाआधी हात-पाय धुवायला, वुजूला उठायच्या. आता यूपीएस एकदाच टीं करायचा, आत खट्ट वाजायचं आणि सगळं काळं व्हायचं. एका दुपारी नववीच्या भूमितीचा पेपर असाच गेला. सेव्ह करतानाच लाईट गेली होती. फाइल पुन्हा उघडली तेव्हा तिच्यात नुसते चौकोन निघाले.

"तुझं हे नवं नवरदेवाचं घोडं," आपा जेवताना म्हणाल्या, "बँड थांबला की आडवं पडतं."

"घोडं चांगलंय, अम्मी. यूपीएस म्हातारा झालाय."

"म्हातारा आहे, पण आजवर पळाला नाही कधी."

सुमय्यानं भाकरीचा तुकडा मोडला. यूपीएसबद्दलच बोलली होती बिचारी. पण बोललेला शब्द कुणाच्या ताटात पडतो ते बोलणाऱ्याच्या हातात नसतं. अल्तमशनं दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी आणून घातली. त्याच संध्याकाळी लाईट गेली आणि पुन्हा खट्ट झालं.

शुक्रवारी मराठी शाळेचे मुख्याध्यापक काकासाहेब सर स्वतः आले. खुर्ची बघून बाहेरच उभे राहिले. आपा बाहेर आल्या.

"आपा, सोमवारी सकाळी भूमिती लागेल. नाही जमलं तर स्टेशनरोडच्या दुकानातून करून घेतो. फक्त यंदा."

"जमेल सर."

सर गेले. फक्त यंदा म्हणजे काय, ते आपांना समजत होतं. पेपर एकदा दुकानातून करून घेतला आणि काही बिघडलं नाही, की पुढच्या वर्षी इकडं वळायचं कारणच उरत नाही.

शेजारच्या सारजाबाईंनी हे सगळं ओट्यावरून ऐकलं होतं. त्या लगेच म्हणाल्या, "आमच्याकडं आण ना ते मशीन. नवा इन्व्हर्टर हाय. लाईट गेलेली कळत पन नाय."

आपांना एकदम हायसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी सारजाबाईंची नात सोनिया आठवली. सोनिया त्याच शाळेत नववीला होती.

"नको सारजावहिनी. उचलायला जड आहे."

सारजाबाईंनी निवडायला घेतलेले तांदूळ सुपात एकदा जोरात पाखडले. "जड हाय व्हय. आमची सोन्या काय चोर हाय?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

सोनिया चोर नव्हती. पण पेपर त्या घरात राहिला आणि पोरीला चांगले मार्क पडले, तर तिच्या मार्कांवर गल्ली बोट ठेवणार, हे सारजाबाईंना दारात उभं राहून कसं सांगायचं? तेवढ्यात लाईट गेली. सारजाबाईंच्या घरातला पंखा तसाच फिरत राहिला, कुठलाही आवाज न करता. आपा ऐकत राहिल्या.

"वहिनी, तुमचा पंखा लाईट गेल्यावर घूं घूं करायचा. रात्री माझ्या भिंतीतून ऐकू यायचा."

"तो जुन्या इन्व्हर्टरवर. ह्याच्यावर करत नाय." सारजाबाई अजून रागात होत्या, पण पंख्याचं कौतुक रागापेक्षा मोठं होतं. "मेकॅनिक म्हनला, जुन्याची वीज खडबडीत होती. ह्याची गुळगुळीत."

लाईट आल्यावर आपांनी घरात जाऊन टेबलफॅन यूपीएसला लावला आणि यूपीएसची पिन भिंतीतून उपसली. फॅन घूं करायला लागला. रुसलेल्या माणसासारखा, हळू आणि जड.

त्यांनी गुलमंडीच्या कडुबांना फोन लावला. कॉम्प्युटर दुरुस्तीचे जुने कारागीर ते. मशीन दुकानात घेऊन या म्हणाले. आपा नाही म्हणाल्या, आत पेपर होते. मग फॅनचं सांगितलं.

कडुबा हसले. "मग आणायची गरजच नाय, आपा. तुमचा यूपीएस बॅटरीवर गेला की चौकोनी लाटेची, म्हणजे खडबडीत वीज देतो. स्वस्तातले सगळे तशीच देतात. जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, म्हंजे आतला वीज घेनारा भाग, साधा, मिळेल ते खायचा. नव्याचा सप्लाय चांगल्या जातीचा. त्याला गोल लाट, गुळगुळीत वीज लागते, नाहीतर तो एकदम हिसका मारून वीज ओढतो. यूपीएसला वाटतं लोड वाढला, आणि तो बंद पडतो."

"म्हणजे बिघडलंय काय?"

"काहीच नाय. दोघं बी चांगले हायेत. एकमेकाला झेपत नायत, एवढंच. गोल लाटेचा यूपीएस मागवतो, पन यायला आठवडा लागंल. तोवर जुना सप्लाय नव्या डब्यात बसवा. भार कमी हाय, चालून जाईल."

"बसवणार कोण?"

"जरा जोडकाम येतंय असं कुणी नाय का घरात?"

आपांनी फोन ठेवला. पलंगाखालून जुन्या कॉम्प्युटरचा डबा ओढून काढला, फडक्यानं पुसला. शनिवार गेला. वेगळं काही झालं नाही, आपा नुसत्या त्या डब्याभोवती फिरत राहिल्या.

रविवारी सुमय्याला सुट्टी होती. ती चहा घेऊन आली, खुर्चीवर कप ठेवला आणि नेहमीसारखी वळली.

"सुमय्या."

ती थांबली.

आपांनी कप उचलला आणि खुर्ची भिंतीला लावली. "आत ये. कनेक्टर बघ जरा. घोडं तुझं चांगलंय. म्हातारा पण चांगलाय. कडुबा म्हणतात, जमत नाही दोघांचं."

सुमय्या उंबऱ्यावर क्षणभर घुटमळली. लग्न होऊन आल्यापासून खुर्ची असताना ती या खोलीत आली नव्हती. मग ओढणी खोचून फरशीवर बसली आणि दोन्ही डब्यांची झाकणं काढली. जुन्या सप्लायची मोठी पिन हातात घेऊन नव्याशेजारी धरली. "सेम आहे अम्मी. छोटी पण सेम." तिची बोटं वायरी वेगळ्या करत गेली तशी आपा स्क्रू हातात गोळा करत राहिल्या. क्रोशाचा रुमाल स्क्रू ठेवायला कामी आला.

जुना सप्लाय नव्या डब्यात बसल्यावर आपांनी पडद्यावर कोरं पान उघडलं आणि यूपीएसची पिन भिंतीतून उपसून बघितली. टीं टीं. पडदा चालूच. सुमय्या उठून बाहेर गेली आणि जाताना खुर्ची दारात आडवी लावून गेली.

दुपारी आपा वर्तुळाच्या शेवटच्या प्रश्नावर आल्या असताना लाईट गेली. यूपीएस ओरडायला लागला. बाहेर पावलं वाजली, खुर्ची सरकली. सुमय्या आत आली ती पाठमोरी, तोंड भिंतीकडं करून, हातानं चौकट चाचपत.

"अम्मी, चालू आहे?"

"चालू आहे."

"सेव्ह केलं?"

"करते. थांब."

त्यांनी स्पर्शिकेचं वाक्य पुरं केलं, पूर्णविराम दिला, सेव्ह केलं. सुमय्या अजून भिंतीकडं बघत उभी होती. पलीकडं सारजाबाईंचा पंखा फिरत असणार. त्याचा आवाज येत नव्हता.

"उद्या पेपर पोचला की सारजावहिनींची समजूत काढायला जायचंय," आपा म्हणाल्या. "तू पण चल. तुझ्यासमोर त्या मला कमी बोलतील."