कवळीकाकांचे ठसे

कवळीकाकांच्या नखांत कायम पांढरं प्लास्टर भरलेलं असायचं. मुलुंडला ते दातांच्या कवळ्या बनवायचे आणि दर रविवारी त्याच प्लास्टरची पिशवी घेऊन आम्हा पोरांबरोबर जंगलात यायचे. कॉलनीमागच्या ओढ्यावर बिबट्याची एक मादी होती. तिथेच दगडाची खाण काढायचा घाट चालला होता. "बिबट्या वगैरे काही नाही तिथे. असेल तर पुरावा आणा," असं वनखात्याच्या साहेबांनी खुर्चीतून न उठता आम्हाला सुनावलं होतं.

मग पुरावा गोळा करणं सुरू झालं. काका चिखलातल्या पंजाभोवती पत्र्याची पट्टी लावत, प्लास्टर ओतत आणि शेजारी उकिडवे बसून राहत. मी खाणवाल्यांचा उद्धार सुरू केला की म्हणत, "गप गो बाय! तुझ्या भाषणान प्लास्टर लवकर सुकतला काय?" मादीच्या पुढच्या पायाचं एक बोट आत वळलेलं होतं. काका तिला 'आमची बाई' म्हणत.

एका रविवारी बाई ओढ्याकाठी तारेच्या फाशात मरून पडलेली दिसली. पायवाटेपासून पाण्यापर्यंत, जिथे जिथे आम्ही ठसे काढले होते, तिथे प्लास्टरची पांढरी चुरी सांडलेली होती. शिकाऱ्याला आणखी काय हवं?

"काका, फासा आपण नाही लावला," मी म्हटलं.

"वाट तर आपणच दाखवली ना?"

दुपारी साहेब आले. मेलेल्या जनावराकडे पाहून म्हणाले, "म्हणजे होता हो तुमचा बिबट्या!" लाज नाही, शरम नाही.

"हिची दोन पिल्लं आहेत, चांगली मोठी. अजून इथेच असतील. खाण थांबवा," मी ओरडले.

"पुरावा?"

काका हात धुवायला ओढ्याच्या वरच्या अंगाला गेले होते. मी मागोमाग धावले. तिथल्या ओल्या रेतीत लहान पंजे उमटले होते, अगदी ताजे. मी साहेबांना हाक मारणार तोच काकांनी ते तळहाताने पुसून टाकले.

"काका, वेड लागलंय का तुम्हाला? आता खाण होणार!"

"खाणीशी तू भांड. पत्रकां काढ, मोर्चो काढ, मी येतंय. पण ह्यांचो पत्तो कोणाक द्यायचो नाय."

आम्ही भांडलो. सायक्लोस्टाइलच्या शाईने हात काळे केले. काका प्रत्येक मोर्चात पुढे चालले. खाण झालीच. सुरुंगांनी ओढा बुजला, आणि काकाही पुढे फार जगले नाहीत.

पिल्लांचं काय झालं, मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी इथे लिहिलं नसतं.