दोरीने चालणारा पंप

भोंगाकाकांचं खरं नाव बंदरावर कुणालाच आठवत नाही. तरुणपणी एकदा दाट धुक्यात त्यांच्या लाँचचा भोंगा बंद पडला. तेव्हा ते पुढच्या टोकावर उभे राहिले आणि धक्का येईपर्यंत भोंग्यासारखे ओरडत राहिले. तेव्हापासून हेच नाव पडलं. पुढे अर्धांगाचा झटका आला. आवाज निम्मा झाला, उजवा हात खांद्याला नुसता लोंबकळू लागला. नाव तेवढं शाबूत राहिलं.

झटक्यानंतर जग त्यांना जरा लांबून दिसायचं, पाण्याखालून वर पाहावं तसं. माणसांचे ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. धक्क्यावरचे दिवे, ओल्या दोऱ्या, उतारूंचे चेहरे सगळं सावकाश तरंगत जवळ येई आणि तसंच निघून जाई.

इस्पितळातून परत आल्यावर त्यांनी भरल्या लाँचसमोर लेकीचा हात चाकावर ठेवला. "आजपासून ही," एवढंच म्हणाले. लेक लाल झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी डेकवरचं काम घेतलं. दोरी दातांत धरून डाव्या हाताने गाठ मारायला ते शिकले.

लाँचवर माणसं दोनच. एक चाकावर, एक डेकवर. चालत्या बोटीत चाक सोडायचं नाही, हा नियम काकांनीच घालून दिलेला.

मग एका दुपारी इंजिनातून धूर आला. लेकीने लगेच इंजिन बंद केलं, तेच बरोबर होतं. पण आग विझवायचा जुना पंप इंजिनाच्या पट्ट्यावर चालायचा. इंजिन थांबलं आणि पंपही थांबला. काका बादली घेऊन धावले. डाव्या हाताने अर्धीच बादली उचलली जात होती. लाँच वाऱ्याबरोबर वाहत चालली, तेव्हा लेकीने नियम मोडला, चाक सोडून आली आणि जळती वायर विझवली. कुणाला काही झालं नाही. काकांना मात्र त्यानंतर झोपेत ती अर्धी बादली दिसायची.

नवा पंप घ्यायचं ठरलं. स्वतःचं इंजिन असलेला, समुद्राचं पाणी ओढून फेकणारा, आणि तोही पुढच्या टोकाला ठेवायचा, इंजिनापासून लांब. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला.

"पंप बघायला चाललात की सून?" काकू म्हणाल्या.

"पंप. सुनेला बोलता येतं," काका म्हणाले.

दुकानात रबराचा वास भरून होता. दुकानदाराने एक सुबक लाल पंप आधीच पुढे काढून ठेवला होता. "या काका! बटण दाबा, झालं. लहान मूलही चालवेल."

काकांनी लेकीकडे पाहिलं. ती भिंतीवरचे पाइप फार लक्ष देऊन बघत होती. हिने आधीच फोन केलेला दिसतो, काकांनी ओळखलं.

दुकानामागच्या धक्क्यावर पाइपाचं एक टोक पाण्यात सोडलं. काकांनी डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. पंप गुणगुणू लागला. चपटा पाइप झोपेतून उठल्यासारखा अंगभर ताणला गेला आणि पाण्याची धार वर गेली. वर गेली आणि क्षणभर तिथेच राहिली, असं काकांना वाटलं. इथेच उभं राहावं. संध्याकाळ होऊच नये. 'घेऊन टाकू' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"बॅटरी कुठंय?" तोंडातून भलतंच निघालं.

"ही काय, खाली."

"खाऱ्या हवेत बसली तर?"

"दोरी आहे की. ओढायची."

काकांनी पंप बंद केला. दोरी ओढली. पंपच त्यांच्याकडे सरकला. पुन्हा ओढली, तर स्वतःच कलंडले.

"नवीन आहे ना, जरा घट्ट असते," दुकानदार म्हणाला. लेकीने पंपावर एक हात दाबला, दुसऱ्याने दोरी ओढली. पंप सुरू झाला. तिला तो सुरू झाल्याचं वाईट वाटलेलं दिसत होतं.

कोपऱ्यात एक मोठा पंप होता. त्याला बटण नव्हतं, नुसती दोरी. त्याची धार लाँचच्या पुढच्या टोकावरून थेट मागच्या टोकापर्यंत जाते, असं दुकानदार म्हणाला.

"तो नको," लेक म्हणाली. "बॅटरी मी रोज तपासेन, बाबा. शप्पथ."

"आणि नेमकी त्या दिवशी बसली तर?"

"मग काय, तुम्ही घरी बसणार?"

इतका वेळ न बोललेलं आता उघड झालं. काकांना घराची खिडकी दिसली. खिडकीत एक म्हातारा. लांबवर लाँच, काडेपेटीएवढी. लाँचवर लेक चाक धरून उभी, एका हातात चहा. दुसऱ्या हाताने ती वळण घेत होती. रोज घ्यायची तशी.

"तू चाक किती हातांनी धरतेस गं?"

"म्हणजे?" ती म्हणाली, आणि लगेच तिला कळलं. तिचा चेहरा उतरला. "चाक माझंय. तुम्हीच दिलंत."

"दिलं. तेव्हा मला वाटलं, चाक म्हणजेच बोट."

"लोक म्हणतील, हिला जमलं नाही."

लेक बाहेर पायरीवर जाऊन बसली. दुकानदार लख्ख पंप उगाच पुसत राहिला. बऱ्याच वेळाने ती आत आली.

"चाक घ्या. पण उतारूंना तुम्ही सांगायचं. मी नाही."

"सांगतो."

"वळताना माझं ऐकायचं. पुढून मला दिसतं."

"ऐकतो."

"मोठा द्या," ती दुकानदाराला म्हणाली.

नव्या पंपाच्या पहिल्या सकाळी पाणी आणि आकाश एकाच रंगाचं होतं. काकांनी उतारूंना सांगितलं, "चाकाला माझा एक हात पुरतो. पंपाला हिचे दोन लागतात. चूक माझी होती, आधी कळलं नाही."

"काय काका, लेकीला नोकरीवरून काढलं म्हणा की!"

"तुला आग लागली की विचार तिला," काका म्हणाले. लोक हसले. लेक हसली नाही.

मधल्या पाण्यात तिने पंपाची दोरी ओढली. धार लाँचच्या छपरावरून मागे गेली. थेंब चाकासमोरच्या काचेवर पडले आणि काचेपलीकडची लेक विरघळल्यासारखी झाली. तिने पंप थांबवला. वळून पाहिलं नाही. काका तिच्या पाठीकडे बघत राहिले.

मग ती पाठमोरीच ओरडली. आवाज चांगला खणखणीत होता.

"डावीकडे! अजून! झोपलात का?"

काकांनी चाक डावीकडे फिरवलं.