पिकअपची येळवस

फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाने घरच्या गाडीला हात लावू नये. हे मी आता सांगते; तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. (सांगितलं होतं. आमच्या ह्यांनी, सासूबाईंनी, आणि खुद्द गाडीनेही, माझ्या अंगठ्यावर बॉनेट आपटून!)

गाडी म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, जुनी पिकअप. किल्लारीजवळच्या आमच्या शेतातलं सोयाबीन लातूरच्या अडतीवर आणता आणता तिची पाठ बसलेली. तिचा मूळ रंग कोणता यावर घरात एकमत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अण्णा लातूरला माझ्याकडे राहायला आले आणि पाठोपाठ पिकअपही आली. अण्णा हॉलमध्ये बसले, पिकअप फाटकासमोर बसली. दोघांपैकी आधी चालायला लागले ते अण्णा.

पिकअपचा रेडिएटर गळत होता. बादलीभर पाणी ओतलं की ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जायची आणि तिथे वाफ सोडून उभी राहायची. इतक्या जुन्या गाडीचा रेडिएटर कुठे मिळेना. शेवटी ह्यांनी भंगारवाल्याशी बोलणं करून ठेवलं.

अण्णांनी वाद घातला नाही. जेवता जेवता एवढंच म्हणाले, "बरूबर हाय जावईबापू. फकस्त येळवशीला एकडाव तिच्यात बसून शेतात जातो. पोचली तर ठेवा, न्हाई पोचली तर द्या टाकून."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात जेवायला जातं. शहरात चोरसुद्धा सापडत नाही, कारण तोही कुणाच्या तरी शेतात भज्जी खात असतो! ज्याला शेत नाही त्याला शेतवाले ओढून नेतात. (ह्यांच्याकडे शेताचा तुकडा नाही, म्हणून ह्यांचं अख्खं घर येळवशीला माझ्या माहेरचं होतं.) आणि गेल्या येळवशीला अण्णा गुडघ्यामुळे ओस पडलेल्या कॉलनीत खिडकीशी बसून होते. दिवसभर.

म्हणून मी जाहीर केलं, "गाडी मी दुरुस्त करते!"

"तू?" हे म्हणाले. "तुला मिक्सरचं झाकण बसवता येत नाही."

"मिक्सर वेगळा. इथे उष्णतेचे नियम लागतात."

मोबाइलवर मी एका तमिळ गृहस्थाचा व्हिडिओ पाहिला. भाषा कळली नाही, पण पाना कसा फिरवायचा ते कळलं. मग हार्डवेअरच्या दुकानातून दोन रंगांचा तो चिकट लगदा आणला. दोन्ही गोळे एकत्र मळायचे आणि गळतीवर थापायचे. मळायचा प्रश्नच नव्हता, जन्मभर कणीकच मळली! गाडीखाली पोतं अंथरून आडवी झाले, थेंब कुठून पडतोय ते हेरलं आणि भाकरीसारखा लगदा थापून मोकळी झाले.

अण्णा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून बघत होते. "काय करलालीस माय?"

"गळती बंद केली अण्णा. कायमची!"

अण्णांनी काठी टेकून, वाकून खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ही गळती न्हाई. ह्यो पाणी सोडायचा नळ हाय. गळती वर हाय, लई आत."

"मग आता हा नळ?"

"आता ह्यो नळ न्हाई राहिला."

मग पान्याने पुढचं सगळं खोलून उरलेला लगदा मी वर, आत, जिथे हात पोचला तिथे लावला. सगळं परत जोडल्यावर मूठभर नट उरले. ह्यांनी विचारलं, "हे कुठले?"

"जादाचे. कंपनी देतच असते."

येळवशीच्या पहाटे घरात लढाईला निघाल्यासारखी धांदल होती. सासूबाईंनी तुरीचे दाणे, हरभरा आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीचं पातेलं बांधलं, बाजरीचे वाफवलेले उंडे डब्यात भरले, आणि आंबील, म्हणजे ज्वारीचं पीठ, ताक आणि लसणाची ती आंबट, पातळ मजा, तेलाच्या रिकाम्या पांढऱ्या कॅनमध्ये ओतली. माझंही पाणी तसल्याच कॅनमध्ये होतं, रेडिएटरसाठी. दोन्ही कॅन एकाच घरातले, एकाच तेलाचे, सख्खे जुळे.

"एकावर खूण कर," हे म्हणाले.

"इतकी वर्षं प्रयोगशाळा सांभाळतेय! मला आंबट काय आणि पाणी काय, ओळखू येतं."

बाहेर धुकं होतं. सगळे 'चला चला' करत होते. मी कॅन उचलला आणि रेडिएटरमध्ये ओतला. जरा सावकाश, गुटुक गुटुक करत गेला.

"पाणी जड कामून वाटलालंय?" अण्णांनी पुढच्या सीटवरून विचारलं.

"थंडीत द्रव घट्ट होतो अण्णा," मी झाकण लावत म्हणाले.

निघालो. मी स्टिअरिंगवर, शेजारी अण्णा आणि सासूबाई, मागे हौद्यात भांड्यांमध्ये हे. कोपऱ्यावर शेजारचे देशमुख काका त्यांच्या जीपपाशी चक्क दोर घेऊन उभे होते, आम्हाला ओढायला! किराणा दुकान आलं. किराणा दुकान गेलं! वाफ नाही, शिट्टी नाही, खाली थेंब नाही. काका दोर हातात धरून बघतच राहिले. मी हॉर्न वाजवला. (वाजला नाही. त्याची वायर जादाच्या नटांबरोबर घरी राहिली असावी.)

त्यानंतर मी जी सुरू झाले ती औशापर्यंत थांबले नाही. लगदा उष्णतेने कसा कडक होतो, दाब कसा सारखा वाटला जातो, आणि बाईने मनावर घेतलं तर मेकॅनिकची गरज कशी उरत नाही, हे सगळं मी सविस्तर सांगितलं. अण्णा मान डोलवत होते. सासूबाई मात्र नाक हुंगत होत्या.

"सूनबाई, लसणाचा वास येतोय गं."

"भज्जीचा असेल, मागून."

मागून हे ओरडले, "वास पुढून येतोय!"

"वारा उलटा आहे!" मी पुढून ओरडले.

"कढी उकळतीय कुठंतरी," अण्णा म्हणाले.

"अण्णा, येळवस आहे. आज सगळ्या शिवारात स्वयंपाकच असणार!"

आणि पोचलो. खरंच पोचलो! गाडी बांधावरून उतरून थेट हरभऱ्याच्या तोंडाशी उभी राहिली. अण्णा उतरले, काठी गाडीला टेकवली आणि वाकून मातीला हात लावला. मग तोच हात पिकअपच्या बॉनेटवर ठेवला. "पोचलीस गं बाई," म्हणाले. मला रडू फुटलं. इतका आनंद मला माझ्या निकालाचाही झाला नव्हता.

आमचं शेत बटईने करणाऱ्या नामदेवभाऊंनी कडब्याची कोप, म्हणजे छोटीशी झोपडी, उभारली होती. आत पाच दगडांचे पांडव चुन्याने रंगवून मांडलेले. पूजा झाली. सासूबाईंनी नैवेद्याच्या वाटीत कॅन कलता केला आणि वाटीत नितळ, स्वच्छ, तळ दिसणारं पाणी पडलं.

"आंबिलीचं पाणी कसं झालं?" त्या घाबरल्या. "काय चुकलं गं माझं?"

ह्यांनी वाटीकडे पाहिलं. मग पिकअपकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तेवढ्यात बॉनेटखालून लसणाची एक भरघोस ढेकर ऐकू आली.

"आंबट ओळखू येतं म्हणालीस ना?" हे म्हणाले.

हसण्यासारखं होतं, पण अण्णा हसले नाहीत. पूजेनंतर आंबील उभ्या पिकावर शिंपायची, "ओलगे ओलगे सालम पलगे" असं ओरडत शेताला फेरी मारायची, तेव्हा कुठे येळवस पुरी होते. त्या कानडी शब्दांचा अर्थ कुणी विचारत नाही, पण शिंपणं कुणी चुकवत नाही. एक येळवस माणसाची खिडकीत गेली, आणि ही मी रेडिएटरमध्ये घातली! अण्णांचा चेहरा उतरलेला मला बघवेना.

"थांबा," मी म्हणाले. "खालच्या नळाने काढते बाहेर."

"कुठल्या नळानं?" अण्णांनी विचारलं.

खरंच. तो नळ तर मी कायमचा बंद केला होता.

"मग वरून काढते!" पोतं घेऊन मी बॉनेट उघडलं.

"झाकणाला हात लावू नगं! आत ताव हाय!"

"अण्णा, काटा बघा, शून्यावर आहे. मी फिजिक्स शिकवते!"

"त्यो काटा मी गाडी घेतल्यापासून शून्यावरच हाय!"

हे वाक्य संपेपर्यंत पोत्याखाली झाकण अर्धं फिरलं होतं. ह्यांनी मला पदराला धरून मागे खेचलं म्हणून वाचले. फस्स करून पोतं उडालं, झाकण उडालं, आणि ज्वारीच्या आंबिलीचं पांढरं कारंजं बॉनेटवरून उसळून, वाऱ्यावर पसरून, हरभऱ्याच्या दोन सऱ्यांवर पडलं. थांबलं, पुन्हा ढेकर दिली, आणि आणखी एक फेर शिंपला.

हरभऱ्याच्या पानापानावर आंबील ठिबकत होती.

मग अण्णांनी टोपी काढली, हात उंच केला आणि शिवार दणाणेल असे ओरडले, "ओलगे ओलगे!"

"सालम पलगे!" नामदेवभाऊ ओरडले. सासूबाई ओरडल्या. हे ओरडले. बांधापलीकडच्या शेतातले लोक धावत आले आणि काय झालं ते कळायच्या आधीच तेही ओरडले! अण्णा काठी विसरून, गुडघा विसरून, शेताच्या कडेने फेरी मारायला निघाले. मी मागून काठी घेऊन पळत होते.

"ईनबाई," परत आल्यावर धापा टाकत ते सासूबाईंना म्हणाले, "समदी हातानं शिंपतेत. आमच्या गाडीनं सोता शिंपली. आता हिला कोन भंगारात घालतंय ते बघतोच!"

"पोचली तर ठेवायची, असं ठरलंय अण्णा," हे म्हणाले. "ठेवली." आणि गुपचूप भंगारवाल्याचा नंबर मोबाइलमधून काढून टाकला. मी पाहिलं.

प्यायची आंबील शेजारच्या शेतातून कळशीभर आली. येळवशीला कुणी कोरडं राहत नाही. परतताना गार झालेल्या रेडिएटरमध्ये त्या दुसऱ्या कॅनमधलं पाणी ओतलं आणि गाडी लातूरपर्यंत एक थेंब न गाळता आली. माझं काम किती पक्कं झालंय ते दाखवायला मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम मेकॅनिकला बोलावलं. त्याने आत डोकावून पाहिलं. माझा लगदा वाटेतच कुठेतरी गळून पडला होता. गळतीच्या भोकात ज्वारीचं पीठ शिजून दगडासारखं बसलं होतं.

"मॅडम, हे कुठल्या कंपनीचं?" त्याने विचारलं.

तेव्हापासून कॉलनीत कुणाच्या गाडीचं पाणी गळायला लागलं की लोक आमच्याकडेच येतात. मी अंगणात पाना घेऊन उभी असते. ते मला नमस्कार करून, माझ्या बाजूने सरळ आत जातात आणि सासूबाईंना विचारतात, "काकू, थोडी आंबील मिळेल का?"